चोडणला सहल आणायची तर तिथी पाहून आणा: गोव्यातील शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील प्राथमिक व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, सहलीची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक-शिक्षिका आणि पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी यांस

विषय: चोडणच्या पक्षी अभयारण्यातील सहलीचा दिवस व वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी चोडणची राहणारी, प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. नोव्हेंबर उजाडला की रायबंदरच्या धक्क्यावर बालरथ, म्हणजे शाळांच्या बसगाड्या, येऊन उभे राहू लागतात. मुले फेरीबोटीत चढतात, कठड्याशी जागा धरण्यासाठी ढकलाढकली करतात, मांडवी ओलांडून पाच-दहा मिनिटांत आमच्या बाजूला उतरतात आणि धक्क्याजवळच्या अभयारण्याच्या दारापाशी ओळीने उभी राहतात. इथवर सगळे ठीक असते. पुढे बऱ्याचदा असे होते की होडीवाला खाडीकडे बघतो, मग बाईंकडे बघतो आणि मान हलवतो, कारण आत पाणीच नसते. मग मुलांना पायवाटेवरून थोडे फिरवून, फलकासमोर छायाचित्र काढून आणि बटाटावडा खायला घालून परत नेले जाते. दुसऱ्या दिवशी वहीत ‘मी पाहिलेले अभयारण्य’ हा निबंध येतो आणि त्यात फलकावरून उतरवलेली बारा पक्ष्यांची नावे असतात. असे निबंध मीही वर्षानुवर्षे तपासले आहेत आणि त्यांना गुणही दिले आहेत, तेव्हा हे पत्र वरून कोणी उपदेश करत आहे असे कृपया समजू नये.

माझी विनंती एकच आहे. चोडणची सहल शाळेच्या वेळापत्रकात बसवू नका, पाण्याच्या वेळापत्रकात बसवा. बाकी मी जे लिहिणार आहे ते या एका विनंतीच्या आधाराने लिहिणार आहे.

डॉ. सालिम अली यांचे नाव दिलेले हे अभयारण्य चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला आहे आणि त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, म्हणजे 178 हेक्टर आहे. 1988 साली ते जाहीर झाले. पक्ष्यांचे नाव सांगणारे हे जंगल मुळात खारफुटीचे आहे, म्हणजे त्याची जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. मांडवीत समुद्राची भरती गांजेपर्यंत, सुमारे 50 किलोमीटर आत चढते. चोडण तर तोंडाशीच आहे. पायवाटेवरून जंगलाची कड दिसते, पण आतल्या नाल्यांत होडीशिवाय जाता येत नाही, आणि नाला भरलेला नसेल तर होडीनेही जाता येत नाही. धबधबा किंवा किल्ला पाहायला दहा वाजता गेलात काय आणि दोन वाजता गेलात काय, तो जागेवर असतो. चोडणचे तसे नाही. इथे दहा वाजता असलेली वाट दोन वाजता नसते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी चौथीचा वर्ग घेऊन मी स्वतः या नाल्यात अडकले आहे. दिवस 12 नोव्हेंबरचा, सालिम अलींच्या जन्मदिनाचा, आणि तो दिवस साधायचा या उत्साहात मी बाकी काहीच पाहिले नव्हते. मी आणि एकोणीस मुले दोन होड्यांत मिळून साडेनऊच्या सुमारास आत शिरलो. पहिला होडीवाला म्हातारा होता, तो काही बोलला नाही, पण वल्हे पाण्यात किती बुडते आहे ते सारखे पाहत होता. दहा मिनिटांनी होडीचा तळ चिखलाला घासला, तिने एक गिरकी घेतली आणि ती थांबली. “बाय, सुकती जाली,” तो म्हणाला. “आतां भरती येता म्हणसर रावचें पडटलें.” मी घड्याळ पाहिले. तेवढ्यात एका मुलाने, होडी हलकी करावी अशा समजुतीने, एक पाय बाहेर टाकला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि वर आला तेव्हा त्यात बूट नव्हता.

पुढचे सव्वादोन तास आम्ही तिथेच होतो. पहिला अर्धा तास रडारड, तहान आणि एकमेकांना दोष देणे यात गेला. मग मुले दमून गप्प झाली आणि चिखल हलू लागला. आम्ही बोलत होतो तोवर जो चिखल नुसता चिखल होता, त्यात आता निवटी दिसू लागली. हा बोटभर लांबीचा मासा पुढच्या परांवर टेकून चिखलावर सरपटत चालतो, अंग ओले असेपर्यंत त्याला कातडीतून श्वास घेता येतो, आणि दुसरे निवटे हद्दीत आले की तो पाठीवरचा पर झेंड्यासारखा उभारतो. मुलांनी त्यांना वर्गातल्या दोन भांडकुदळ मुलांची नावे देऊन टाकली. पलीकडे, रुपयाएवढ्या कवचाचे खेकडे, प्रत्येकाची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली करत कोणाला तरी बोलवत होते. मग तुतवार आला, शेपूट सतत वर-खाली हलवत, आणि त्याच्यामागून कोरल. त्याची ती लांब, खाली वाकलेली चोच चिखलात मुळापर्यंत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यात खेकडा होता. कोरलाने तो झटकला, एकेक पाय मोडला आणि उरलेला गिळला. एकोणीस मुले पाव तास एकही शब्द बोलली नाहीत. माझ्या सत्तावीस वर्षांत असा तास मला पुन्हा मिळाला नाही.

तरीही तो प्रसंग मी कौतुकाने सांगत नाही. ऊन चढत होते, पिण्याचे पाणी संपले होते, कोणाच्याही अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते, आणि पालकांना आम्ही बारा वाजता परत येऊ असे सांगितले होते. जे शिकायला मिळाले ते चुकून मिळाले. माझे म्हणणे इतकेच आहे की ते चुकून न मिळता ठरवून मिळू शकते.

यातली अडचण समजून घेण्यासारखी आहे. नाला भरलेला असतो तेव्हा होडी आत जाते, पण चिखल पाण्याखाली असल्याने त्यावर जगणारे काहीच दिसत नाही. बगळे, रातढोकरी आणि पाणकावळे झाडांच्या शेंड्यांवर बसून पाणी उतरण्याची वाट पाहत असतात आणि उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले चिखलातले पक्षी तर बांधांवर, मिठागरांवर जाऊन थांबलेले असतात. पाणी उतरते तेव्हा सगळे परत येते, पण आता होडी जात नाही. म्हणजे नुसत्या भरतीला आलात तर झाडे दिसतील, नुसत्या ओहोटीला आलात तर धक्क्यावरून चिखल दिसेल. ज्यांना दोन्ही पाहायचे आहे त्यांनी भरती पूर्ण होता होता होडीत बसावे, पाणी वळल्याबरोबर बाहेर यावे आणि मग काठावर दोन तास थांबून चिखल उघडा होताना पाहावा. यासाठी सकाळी साडेआठ-नऊला भरती असलेला दिवस हवा.

तो कसा शोधायचा? मुरगाव बंदराच्या भरतीच्या वेळा छापील मिळतात आणि मोबाइलवरही मिळतात. आमच्याकडे त्याहून थोड्या उशिरा भरती पोचते. पण माझे वडील ज्या हिशेबाने खाडीत जात तो याहून सोपा आहे आणि चौथीच्या मुलांना गणिताच्या तासाला शिकवता येतो. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा भरती पूर्ण होण्याचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून येते, म्हणून हा हिशेब जमतो. तो अंदाज आहे, तासाभराचा फरक गृहीत धरावा आणि शेवटचा शब्द होडीवाल्याचा मानावा. आता एकादशी घ्या: अकराची पाऊणपट सव्वाआठ. द्वादशी: नऊ. त्रयोदशी: पावणेदहा. म्हणजे महिन्याच्या दोन्ही पक्षांतले हे तीन-तीन दिवस, महिन्यात एकूण सहा दिवस, शाळेच्या सहलीसाठी जणू पंचांगात राखून ठेवलेले आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते फक्त उपवासासाठी नाही. (एकादशीला बाईंचा उपवास असेल तर द्वादशी आहेच.) माझ्या त्या फजितीच्या दिवशी षष्ठी होती, हे मी नंतर जुन्या कॅलेंडरात पाहिले. सहाची पाऊणपट साडेचार. भरती पहाटे साडेचारला भरून गेली होती, पाणी पावणेअकराला तळाला जाणार होते आणि आम्ही साडेनऊला होडीत बसलो होतो. हे मला घरच्या भिंतीने आदल्या रात्री सांगितले असते.

एक बारकावा राहिला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप चढते आणि उतरताना ओढही मोठी असते. एकादशी-द्वादशी या दोन्हींच्या मधे पडते. मुलांसोबत असताना मधलेच बरे.

लिहितेच आहे तर 12 नोव्हेंबरबद्दलही दोन शब्द लिहून घेते. सालिम अलींचा जन्म 1896 सालचा, ते 1987 मध्ये गेले. शेजारच्या महाराष्ट्रात मारुती चितमपल्लींच्या 5 नोव्हेंबरच्या जन्मदिनापासून 12 पर्यंत पक्षी सप्ताह पाळतात आणि आपल्याकडच्या शाळाही त्याच सुमारास इकडे वळतात. हेतू उत्तम आहे. पण ज्या माणसाने अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांसमोर तासन् तास बसून निरीक्षणे लिहिली, त्याच्या नावाने एका सकाळी चारशे मुले एका धक्क्यावर उतरवणे हे त्याला रुचले असते असे मला वाटत नाही. त्या दिवशी वर्गात त्यांच्याविषयी सांगा आणि जवळच्या द्वादशीला या.

आता सुरक्षिततेविषयी. इथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. केरळमधील थट्टेकाड येथे 20 फेब्रुवारी 2007 रोजी पेरियार नदीत सहलीची होडी बुडून 15 विद्यार्थी आणि 3 शिक्षक गेले. तिथल्या अभयारण्यालाही सालिम अलींचेच नाव आहे. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. दोन्हीकडे होडीत जास्त माणसे होती. आमचे नाले अरुंद आणि शांत आहेत म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. त्यांचे तोंड मांडवीत उघडते आणि खाली अंगाला धरून ठेवणारा चिखल असतो. होडीवाला जितकी मुले चालतील म्हणेल त्याहून दोन कमी बसवा. जाकीट अंगात घालून त्याचे पट्टे बांधलेले असावेत, मांडीवर घेतलेल्या जाकिटाचा उपयोग नाही, आणि मोठ्यांच्या मापाचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटून जाते. ते मुलांच्या मापाचे मिळत नसेल तर होडी रद्द करून काठावरून पाहा. मगरी मांडवीच्या या भागात आहेत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या पूर्वापार राहतात. त्या काठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, त्याला मांगेथापणी म्हणतात. ही गोष्ट मुलांना भीती घालायला सांगू नका, हात पाण्यात का घालायचा नाही ते सांगताना सांगा.

मोठा वर्ग एकदम आत नेऊ नये हे ओघाने आलेच. अर्धा वर्ग होडीत असेल तेव्हा उरलेल्यांना ताटकळत ठेवण्याची गरज नाही, कारण त्यांना बांधावर नेता येते. चोडणची खाजन शेती हा स्वतंत्र धडा आहे. खारे पाणी बाहेर ठेवणारा मातीचा बांध, त्यातली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर होण्याची वाट, आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने बंद होणारी व ओहोटीला आपोआप उघडणारी तिची लाकडी दारे, हे सगळे मुलांना समोर दाखवता येते. या शेतांत खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो. विजेशिवाय, माणसाशिवाय, फक्त भरती-ओहोटीवर चालणारे हे दार पाहिल्यावर पाऊणपटीचा हिशेब मुले विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

होडीत असताना मुलांना एकच काम द्यावे. बारा पक्षी ओळखायला सांगू नये. तिवराचे एक पान खालून पाहायला सांगावे. त्यावर मिठाचे बारीक कण चिकटलेले असतात, जिभेला लावले तर कळतात, कारण हे झाड मुळांतून आलेले जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. मग त्याच झाडाच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली शेकडो टोके दाखवावीत आणि झाडाने मुळे जमिनीबाहेर का काढली असतील ते विचारावे. उत्तर लगेच देऊ नये. कांदळाची शेंग दाखवावी, जी झाडावर असतानाच रुजते आणि मग भाल्यासारखी खाली चिखलात पडते. पान मात्र होडीवाल्याला विचारूनच तोडावे, कारण याच काठावर दुधी चिकाचे एक झाड आहे, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळे जाण्याची भीती असते.

आवाजाबाबत मला शिक्षकांपेक्षा ध्वनिक्षेपकाची तक्रार आहे. बालरथातून उतरलेला तो काळा डबा फेरीतच राहू द्या. हजारो किलोमीटर उडून आलेल्या चिखलातल्या पक्ष्याला खायला दिवसातून दोन ओहोट्यांएवढाच वेळ मिळतो. आपण ओरडल्यावर तो उडतो, लांब जाऊन बसतो आणि परत येतो, तेवढा वेळ त्याच्या जेवणातून जातो. मुलांना हे असेच सांगा: मधल्या सुट्टीत कोणी सारखे डब्यापासून हाकलले तर काय वाटेल. त्यांना लगेच समजते. पणजीच्या धक्क्यासमोरची जुगाराची जहाजे रात्रभर वाजवतात ते वाजवतात, निदान सकाळी आपण त्यात भर घालू नये.

शेवटी पालकांसाठी. चिखलाची घाण वाटते म्हणून पुष्कळ पालक मुलांना खाडीकडे पाठवायला कुरकुरतात. माशेलला आषाढ शुद्ध द्वादशीला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो तेव्हा हीच मुले चिखलात लोळतात आणि हेच पालक त्यांची छायाचित्रे काढतात. तो देव मूळचा आमच्या चोडणचा. पोर्तुगीज काळात त्याला इथून हलवावे लागले. देवाच्या दारातला चिखल चालतो, तर त्याच्या जुन्या गावचाही चालावा.

पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि कपड्यांचा एक जोड आणावा, भडक रंगाचे कपडे टाळावेत, खाण्याची रिकामी पाकिटे मोजून आणावीत आणि मोजून परत न्यावीत. ज्या शाळांना दिवस ठरवताना मदत हवी असेल त्यांनी सकाळच्या फेरीने कोणा शिक्षकाला आधी एकदा पाठवावे. मी द्वादशीच्या सकाळी बहुधा धक्क्यावर असते आणि नसले तरी होडीवाले असतातच. आणि मुलांच्या पायांत पट्ट्याच्या चपला असू द्याव्यात, बूट नको. त्या मुलाचा उजवा बूट अजून त्या नाल्यात आहे, डावा त्याच्या आईने मला अनेक वर्षे दाखवला.

आपली नम्र,
चोडण येथील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका